डावं फूल

"पॅडच. लिहून घे," शंभू म्हणाला.

विक्रमनं संगणकावरची नजर काढली नाही. शिक्रापूरच्या चौकात त्याचं मोबाइलचं दुकान होतं, आणि २००९ सालचा सबंध डिसेंबर त्यानं एकाच कामाला वाहिला होता. अमेरिकेतली एक बडी कंपनी म्हणे पाटीएवढा, हातात धरायचा संगणक काढणार होती. तो कुणी पाहिला नव्हता आणि कंपनी चकार शब्द बोलत नव्हती, तरी त्याचं नाव काय असणार यावरून जगभर वाद रंगले होते. तुरी अजून बाजारातच होत्या, पण शिक्रापुरातही दोन तट पडले होते.

"स्लेट," विक्रम म्हणाला. "इंटरनेटवर समदे तेच म्हणत्यात. तुला पॅड कुणी सांगितलं?"

"बिरोबानं. कौल लावलाय मी."

दुकानातली चार टाळकी खदाखदा हसली. शंभूही हसला. कारखान्यात पॅकिंगला उभा राहणारा हा धनगराचा पोरगा तसा गरीब स्वभावाचा, पण वादात मागे हटणं त्याला जमायचं नाही.

"पॅड निघालं तर मिशी उतरवीन," विक्रम म्हणाला.

"बाप जित्ता हाय तुझा अजून!" आतून त्याचे वडील, हौसराव, गरजले. "मिशीच्या पैजा लावतंय बेनं!"

मग ठरलं, की शंभू जिंकला तर विक्रमनं त्याला खांद्यावर घ्यायचं आणि गुलाल उधळत चौकभर मिरवायचं.

शंभू तळेगाव ढमढेऱ्याला घरी पोचला, तेव्हा त्याची आई गिताबाई नाक दाबून वैदूचा काढा पीत होती. तिच्या पोटात गाठ होती. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ऑपरेशन करा, उशीर लावू नका. पण शंभूचा बाप हनुमंत याचं मन धजेना. मेंढरं विकून शेती धरायची की नाही, हेसुद्धा त्याच्या वडिलांनी बिरोबालाच विचारलं होतं.

म्हणून मागच्या रविवारी तिघं देवळात जाऊन बसले होते. पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर ऑपरेशन, डावं पडलं तर झाडपाला.

"तोंडानं कुणी बोलायचं न्हाई," पुजारी म्हणाला. "समद्यांनी मनात एकच धरा."

तिघांनी हात जोडून डोळे मिटले. बराच वेळ काही हललं नाही. मग डावं फूल पडलं.

गिताबाईला तर सुटल्यासारखंच झालं. सुरीचं तिला भारी भय. आता काढ्याचा पेला खाली ठेवून ती म्हणाली, "देवानं राखलं बग. तू बी मनापासनं मागितलंस ना रं?"

"व्हय की, आये."

"मग झालं तर. जेव आता."

शंभूनं ताट पुढं ओढलं.

जानेवारी लागला आणि तिचं अन्न तुटलं. काढा उलटून पडायला लागला, तेव्हा हनुमंतानं जीप ठरवून तिला पुण्याला नेलं. डॉक्टरनं पोट चाचपलं आणि बापलेकाला बाहेर बोलावलं. आता उघडून उपयोग नाही, म्हणाला. तेव्हाच आणायला हवं होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गिताबाई गेली. तिनंच बाजारातून आणवलेली सुगडं कोपऱ्यात तशीच राहिली.

हनुमंत लहान पोरासारखा रडला, पण देवाला त्यानं बोल लावला नाही. येईल त्या माणसाला तो एकच सांगायचा, "त्याचीच मर्जी. आमी इच्यारलं, त्यानं सांगितलं, आमी ऐकलं. आमी चुकलो न्हाई." तेवढ्याच आधारावर म्हातारा उभा होता. हे ऐकलं की शंभू उठून बाहेर जायचा.

दहाव्याला नदीवर शंभूनं केस उतरवले. तिथूनच त्यानं विक्रमला फोन लावला.

"स्लेटच निघंल ना रं?"

विक्रमला क्षणभर कळेचना. "तू तर पॅडवाला ना?"

"न्हाई. स्लेटच निघाया पायजे. इंटरनेटवर काय म्हणत्यात?"

"स्लेटच म्हणत्यात समदे. पण तुला आत्ता ह्ये कुठं सुचतंय?"

"नक्की ना? नक्की सांग."

आवाज रडवेला होता. दुःखानं पोरगं भ्रमलंय, असं विक्रमला वाटलं. "नक्की बाबा, स्लेटच," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतर शंभूचा रोज फोन यायचा, आणि विक्रम रोज तेच सांगायचा.

जानेवारी सरता सरता एका रात्रीत अमेरिकेत नाव जाहीर झालं. सकाळी विक्रम आला, तेव्हा शंभू बंद शटरसमोर उभा होता. गालफडं बसली होती, डोक्यावर केसांची खुंटं उगवत होती. विक्रमनं दुकान उघडलं. टेबलावर पैजेसाठी आणून ठेवलेली गुलालाची पुडी होती, ती त्यानं मुकाट्यानं खणात सारली.

"काय निघालं?" शंभूनं विचारलं.

विक्रमनं संगणक चालू केला आणि पडदा त्याच्याकडं वळवला. "पॅड. जिंकलास की रं!"

शंभूनं पडद्यावर बोट ठेवून ते नाव अक्षर अक्षर वाचलं.

विक्रमला वाटलं, पोराला जरा बोलतं करावं. "अख्ख्या जगाला कळंना, त्ये तुझ्या बिरोबाला कळलं. मी हसलो व्हतो, पर आता मानलं. कसा लावला व्हतास कौल?"

"उजवं पडलं तर स्लेट. डावं पडलं तर पॅड."

"आन् असल्या खुळ्या प्रश्नाला पुजाऱ्यानं फुलं लावली व्हय?"

शंभूनं पडदा परत विक्रमकडं वळवला.

"न्हाई," तो म्हणाला. "आईसाठी लावली व्हती, तीच."