डिसेंबरचा आराखडा

पाच गावांच्या बैठकीत कोळवडीच्या सरपंच विजयाताईंनी चहाचा कप उचलला, तोच शेजारच्या निंबखेडचे सरपंच कौतुकाने म्हणाले, "ताई, तुमच्या सासऱ्यांनी आमचा पाण्याचा पंप दोन तास चालवला बरं का! वजनदार माणूस!"

विजयाताईंनी कप तसाच खाली ठेवला. सासऱ्यांना अग्नी देऊन चारच दिवस झाले होते. पाच गावांनी मिळून एकच शवदाहिनी बांधायची आणि तिच्या धगीवर वीज करायची, या ठरावावर पहिली सही विजयाताईंचीच होती. तेव्हा त्यांनी पेढेही वाटले होते.

मग सासऱ्यांच्या विजेबद्दल सुतकातच त्यांचा सत्कार झाला. अंगावर पडलेली शाल त्यांनी घडी करून बाजूला ठेवली.

ग्रामसेवकाने पडद्यावर डिसेंबरचा वीज आराखडा लावला. प्रत्येक गावापुढे अपेक्षित नावं होती, वय आणि वजनासकट. कोळवडीपुढे पहिलंच नाव त्यांच्या सासूबाईंचं होतं.

"कशी आहे हो आता तब्येत त्यांची?" निंबखेडकरांनी आपुलकीने विचारलं. "थंडीत आमचा दवाखाना तुमच्याच भरवशावर आहे."

"ठणठणीत आहेत," विजयाताई म्हणाल्या. "सकाळीच दोन भाकऱ्या खाल्ल्या."

आणि पाचही गावांची तोंडं पडली.