नाळेवरचा दगड

पुआलानीने काठीचं टोक एका खळग्यावर ठेवलं. लाव्ह्याच्या काळ्या खडकात पूर्वजांनी कोरलेलं वर्तुळ, आत बोटभर खोल नऊ खळगे. घरात जन्मलेल्या एकेकाच्या नाळेसाठी एकेक.

"हा तुझ्या मामाचा. ओरेगॉनात ट्रक चालवतो. हा तुझ्या भावाचा, माकानाचा, अलास्कात मासळी कापत बसलाय. हा तुझा, लास व्हेगास." काठी ठकठक पुढे सरकत होती. "नाळा नऊ, आणि बेटावर हजर मी एकटी."

"हजेरी झाली असेल तर उरकू या, आई. चारचं विमान आहे," नोहेआ म्हणाली. तिच्या छातीशी झोळीत दीड महिन्याची मुलगी झोपली होती.

"मग व्हेगासलाच ठेवायची होतीस नाळ. जुगाराच्या अड्ड्यांत गालिचे मऊ असतात म्हणे."

"तिथे मी हॉटेलातल्या चादरी बदलते, जुगार नाही खेळत. हवाईत घर परवडलं असतं तर गेले असते का गं?"

नवा खळगा कोरायला आता सरकारची बंदी. पुआलानीने वाकून स्वतःचाच खळगा झग्याच्या टोकाने पुसला.

"माझ्यात जागा आहे. दोघी राहू."

नोहेआने औषधाच्या बाटलीतून नाळेचा सुकलेला तुकडा काढून दिला. म्हातारीने तो आत ठेवला आणि वर मुठीएवढा दगड बसवला.

"सकाळी जागेवर सापडली तर पोर या मातीचं. उंदराने नेली, तर जन्मभर दुसऱ्यांच्या दारात."

"ही येईल गं परत. सुट्टी लागली की पाठवीन."

"तूही असंच म्हणून गेलीस. अकरा वर्षं झाली."

एवढं बोलून पुआलानी त्या दगडाशेजारी खाली बसली. छत्री उघडली. पिशवीतून पाण्याची बाटली आणि भाताचे मुटके काढून मांडले. नोहेआला आधी हसू आलं. मग तिने मुटके मोजले. रात्रीचे धरून होते.

"सकाळपर्यंत बसणार? गुडघे बघ स्वतःचे! दगड काय पळून जातोय? ऊठ, विमानतळावर निरोप द्यायला तरी चल."

म्हातारीने झोळीतून बाहेर आलेला नातीचा अंगठा चिमटीत धरला. बराच वेळ धरला. मग सोडला.

"तुझ्या नाळेच्या वेळी मी उठले होते," ती म्हणाली.