एकविसावं उत्तर

"दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं आदळली, की अवकाश या चौकटीवरच्या कापडासारखं थरथरतं आणि त्याची लाट आपल्यापर्यंत पोचते," शलाका धडाधड सांगत सुटली होती, तेवढ्यात परीक्षकांनी तिला थांबवलं. "अवकाशच ताणलं गेलं, तर मोजपट्टीही ताणली जाणार. मग लाट आली हे कळणार कसं गं?"

बोडके सरांनी तिच्याकडून वीस उत्तरं घोकून घेतली होती, त्यांत याचं उत्तर नव्हतं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातून जिल्ह्याला एकच प्रयोग जाणार होता. परीक्षकांच्या पाठीमागून सर दोन्ही हातांची बोटं नाचवत होते, म्हणजे दहावं सांग. पण दहाव्यात तर नुसती साहित्याची यादी होती!

तिनं सरांवरची नजर काढली. चौकटीवरचं लवचिक कापड सोडवलं आणि सहज उभं खेचून पाहिलं. त्यावर काढलेलं गोल वर्तुळ अंड्यासारखं झालं. उभं लांबलं, आडवं आकसलं. ती बघतच राहिली.

"अय्या! सर, लाट दोन्हीकडं सारखं ताणतच नाही!" ती परीक्षकांकडं बघत जवळजवळ ओरडलीच. "मग पट्टी हवी कशाला? एकाच वेळी प्रकाश उभाही सोडायचा आणि आडवाही. त्याचा वेग काही बदलत नाही. एकाला परतायला उशीर झाला, की समजायचं, लाट आली!"

मागं वळूनही न बघता परीक्षक म्हणाले, "हे कितवं उत्तर?"

शलाका लाजली. "हे... आत्ताच सुचलं, सर."

त्यांनी कागदावर खूण केली. "जिल्ह्यालाही हेच सांग. फक्त पाठ करू नकोस."