ओट्यावरचं लिंबू

"ओट्यावर लिंबू कापायचं नाही," ही सासूबाईंनी मला दिलेली पहिली ताकीद. ओटा सासऱ्यांनी स्वतः खाणीवर जाऊन निवडलेल्या संगमरवराचा. "आंबट सांडलं की डाग पडणारच. अस्सल संगमरवराची तीच तर खूण!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

आणि लग्नानंतर आठव्याच दिवशी माझ्या हातून अर्धं लिंबू ओट्यावर उपडं पडून राहिलं. तासाभराने दिसलं, तशी मी फडका घेऊन धावले. कॉलेजात मी दगडच शिकवते. लिंबाने संगमरवराचं काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

जीव मुठीत धरून तो फिरवला. डाग नाही, चकाकी जशीच्या तशी. कोपऱ्यात सुरीचं टोक ओढून पाहिलं, साधा ओरखडाही नाही. हुश्श! चुनखडी जमिनीच्या पोटात भाजली गेली की संगमरवर होतो. हा तर वाळूचा दगड भाजून झालेला क्वार्टझाइट. दिसायला जुळा भाऊ, पण लिंबाला भीक न घालणारा.

मागे वळले तर सासूबाई उभ्या.

"आई, हा संगमरवर नाहीच आहे!"

"हळू बोल. सव्वीस वर्षं झाली मला कळून. माझ्याही हातून सांडलं होतं."

"मग लिंबू कापायला मनाई कशासाठी?"

बाहेरच्या खोलीत सासरे पेपर वाचत होते. तिकडे बघत त्या कुजबुजल्या, "डाग पडत नाही, हे यांना कळलं तर?"