दातेरी शाफ्ट

"मिस्त्री, हा शाफ्ट ज्याने केलाय ना, त्या दीडशहाण्याला एकदा बघायचंय मला," असं म्हणत बेकरीवाल्याने मोटर टेबलावर आदळली. "सगळा बाजार पालथा घातला. एक कपलिंग बसेल तर शपथ."

टर्नरने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, शाफ्टवरचं ग्रीस फडक्याने पुसलं आणि सवयीने दात्यांवरून अंगठा फिरवला. अंगठा एका जागी अडला. सगळे दाते सारखे, आणि एकच चांगला जाडजूड. दीडशहाणा कोण, हे त्याला आरशात न बघताही सांगता आलं असतं.

त्याला इतका आनंद झाला, की तो लपवायला तो उगाचच खोकला. मग मागच्या दाराकडे तोंड करून ओरडला, "अगं, चहा टाक! साखर सढळ हाताने घाल!"

ही मोटर त्याच्या थोरल्या भावाच्या जिन्यावरची. वडिलांच्या लेथ मशीनच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं होतं आणि बोलणं तुटलं होतं. पुढे भावाचे पाय गेले, तेव्हा वहिनी दारात येऊन उभी राहिली. मग याने जिन्याला रूळ लावून वरखाली जाणारी खुर्ची करून दिली. ती बसवत असताना भाऊ भिंतीकडे तोंड करून बसला होता. चकार शब्द काढला नाही. तेव्हा यानेही डाव टाकला. शाफ्टचा एक दाता मुद्दाम जाड ठेवला आणि त्यावर बसणारं, मोटर खुर्चीच्या चाकांना जोडणारं कपलिंग मऊ पितळेचं केलं. ते कधी ना कधी झिजणारच होतं, आणि तसलं दुसरं कुठे मिळणार नव्हतं. "मग येईल झक मारत," तो बायकोला म्हणाला होता. "दोन शब्द तरी बोलेल."

आणि आज ती मोटर समोर होती. डाव साधला होता.

"स्वतः निरोप द्यायला काय झालं होतं?" त्याने आवाज होईल तितका कोरडा ठेवला. "परक्या माणसाला कशाला पाठवायचं?"

"कोणी?"

"ज्यांची मोटर आहे त्यांनी."

"मोटर माझीच आहे की! शेजारचं घर रिकामं केलं, तेव्हा मी घेतली. म्हटलं, पीठ मळायच्या मशीनला लावू." बेकरीवाल्याने खिशातून एक पुडकं काढलं. "हे जुनं कपलिंग. पार कामातून गेलंय."

टर्नरने ते तळहातावर घेतलं. पितळेचे दाते झिजून सपाट झाले होते, ते ठरल्याप्रमाणेच. पण प्रत्येक खाचेत पत्र्याची एक बारीक पट्टी बसवलेली होती आणि प्रत्येक पट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं. बोट कापू नये म्हणून पत्रा असा दुमडायला वडिलांनी दोन्ही मुलांना शिकवलं होतं. या पट्ट्या त्याने बसवलेल्या नव्हत्या.

त्याने कपलिंग उजेडात धरलं.

"त्या घरात... वर एक गृहस्थ राहायचे ना?"

"हो, पायांनी अधू. जिन्यावरची खुर्ची बंद पडली आणि ते वर अडकले ते अडकलेच. खिडकीत बसून पत्रे कापत असायचे. मी म्हटलं, अहो, ज्याने केलीय त्यालाच बोलवा की. तर म्हणाले, धाकटा आहे तो, रुसलाय. येईल आपल्या पायांनी. बोलावणं धाडायचं नाही." बेकरीवाला हसला. "फार हट्टी माणूस. बाईंनीही तोच शब्द धरला. गेले तेव्हासुद्धा कुणाला बोलावणं नाही."

"गेले?"

"महिना झाला. बाई आता लेकीकडे असतात."

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. महिना झाला. म्हणजे या महिन्यात टर्नर पोटभर जेवला होता, गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली होती, परवा नवी चप्पलसुद्धा घेतली होती. त्याने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं.

बेकरीवाल्याचं लक्ष मोटरवरच होतं. "तर होईल ना काम? नाहीतर असं करा, ते दातेच तासून टाका. सरळ गोल करा. कुठेही बसेल."

"खाली कसं आणलं त्यांना?"

"चौघांनी उचलून. मीही होतो."

"डोक्याकडे, की पायांकडे?"

"हे काय विचारणं झालं, मिस्त्री?"

"यांचे थोरले भाऊ होते ते," दारातून बायको म्हणाली.

बेकरीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग टर्नरच्या अंगठ्याकडे. तो अजून त्या जाड दात्यावर होता. मघाचा दीडशहाणा त्याला आठवला असावा. त्याचा चेहरा उतरला.

"पायांकडे होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "जिना अरुंद हो. वळणावर दम लागला आम्हाला. म्हणून जरा टेकवलं त्यांना."

"कशावर?"

बेकरीवाल्याने पुडक्याचा कागद चुरगळून खिशात घातला.

"तुमच्या खुर्चीवर," तो म्हणाला. "बंद पडल्यापासून ती तिथेच अडकून होती."