डिस्प्लेवरचं कवच

भिंगरीने फुटका डिस्प्ले टेबलावर ठेवला, तेव्हा मावशी एका कवळीच्या दाढा घासत होती.

“याच्यावर घट्ट बसेल असं काहीतरी करून दे,” भिंगरी म्हणाली. “बॉक्सिंगवाल्यांना दातांवर घालायला करतेस ना, तसं. पण आरपार दिसायला हवं.”

मावशीने मशीन थांबवलं. दुपारचं पांढरं ऊन खोलीभर पसरलं होतं. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. सगळे जण एकाच विनोदाला हसत असल्यासारखे.

भिंगरी तिच्या बहिणीची मुलगी. लहानपणी एका जागी टिकायची नाही, म्हणून घरात हेच नाव पडलं. डोंगरावरच्या पाण्याच्या टाक्या रोज तपासून यायचं तिचं काम. त्यासाठी ऑफिसने दगडधोंड्यांतून चालणारी इलेक्ट्रिक बाईक दिली होती.

“हा तिसरा,” ती म्हणाली. “गाडीवर काल नवा बसवला. साहेब म्हणाले, आता फुटला तर गाडी काढून घेईन आणि तुला टेबलावर बसवीन. कव्हर करून आणते म्हणून सांगून आलेय. मी टेबलावर मरेन गं मावशी.”

मावशीने डिस्प्ले उजेडात धरला. दात बघून माणूस ओळखायची तिला सवय होती. तिने कडांवरून बोट फिरवलं. चारी कोपरे शाबूत होते. तडे सगळे मधोमध एका ठिकाणाहून फुटले होते.

“कशाने फुटला म्हणालीस?”

“पडले. दगड लागला.”

“आणि आधीचे दोन?”

“दगडच.”

मावशीने तिचं हेल्मेट उचललं. हनुवटीपाशी ते खरवडलेलं होतं. ती जागा तिने तड्यांच्या मधोमध टेकवली. नेमकी बसली.

“दगड एवढा नेम धरून मारत नाही,” ती म्हणाली. “तुझी मान खाली होती.”

भिंगरी खुर्चीत बसली.

“गाडीला आवाजच नाही गं,” ती मग म्हणाली. “सपाटीवर आलं की दोन्ही बाजूंना गवत, आणि समोर बॅटरीचा आकडा. सत्तर, एकोणसत्तर, अडुसष्ट. बघता बघता सगळं मऊ होतं. स्वप्नातही मी गाडीच चालवत असते. तोच रस्ता, तेच गवत. म्हणून कळतच नाही झोप लागल्याचं. फरक एवढाच, स्वप्नात आकडा वाढायला लागतो. साठ, एकसष्ट, बासष्ट. चाकं जमिनीला टेकत नाहीत. इतकं बरं वाटतं मावशी, की थांबावंसंच वाटत नाही. आणि मग धाडकन...”

“रात्री झोपतेस की नाही?”

“झोपते. पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही.”

“आ कर.”

भिंगरीने तोंड उघडलं. दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. रात्रभर दात खात असणार पोर. कोणावर, ते मावशीने विचारलं नाही.

“साहेबांना सांगशील?” भिंगरीने विचारलं.

“मी कवळ्या बनवते, चुगल्या करत नाही. ते तू सांगायचंस. या गाडीवर पुन्हा बसायच्या आधी.” मावशीने प्लास्टरच्या पिशवीची गाठ सोडली. “आता बस तिथे. याला वेळ लागतो.”

तिने प्लास्टर कालवलं, डिस्प्लेवर ओतलं, आणि ते घट्ट होईपर्यंत थांबली. त्या साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून डिस्प्लेच्याच आकाराचा साचा काढला. मग आतून मऊ आणि बाहेरून टणक अशी एक जाड पारदर्शक चकती तिने दुसऱ्या मशीनच्या तापलेल्या तारांखाली धरली. चकती तापली, मधून दुधावरच्या सायीसारखी लोंबायला लागली. मावशीने ती साच्यावर उतरवली. मशीनने खालून हवा ओढली, आणि चकती कानाकोपऱ्यांत जाऊन बिलगली.

“बघ कशी बसली,” ती म्हणाली.

तिने मागे वळून पाहिलं.

भिंगरीची मान खुर्चीच्या पाठीवर कलंडली होती. एक हात मांडीवर, दुसरा खाली लोंबत होता. त्याची बोटं अधूनमधून किंचित वळत होती, जणू मूठ पिळून वेग वाढवत होती.

कवचाच्या कडा कापायला मावशीने घासायच्या मशीनच्या बटणाकडे हात नेला, आणि मागे घेतला. तिने कात्री घेतली. नंतर बारीक सँडपेपरने घासत बसली, फुंकर न मारता, भुकटी बोटानेच पुसत. ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं, फरशीवरून भिंगरीच्या चिखलाच्या बुटांवर. तिची बोटं थांबली. आवळलेला जबडा हळूहळू सुटला. ओठ विलग झाले.

कवच तयार झालं. मावशीने ते तळहातावर ठेवून पाहिलं. त्याखाली हातावरची एकेक रेघ दिसत होती. टेबलावर हलकेच आपटून पाहिलं. दगडासारखं टणक.

तेवढ्यात भिंगरीचा फोन थरथरला. पडद्यावर ‘साहेब’. मावशीने तो झटकन उचलला आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

“मावशी बोलतेय तिची.”

“झालं का हो ते कव्हर? तिला वरची टाकी बघून यायचंय अजून.”

मावशीने दाराच्या फटीतून आत पाहिलं.

“नाही हो,” ती अगदी हळू आवाजात म्हणाली. “अजून मऊ आहे. आज हात लावता येणार नाही.”