तणावमुक्तीचा वर्ग

“डोळे मिटा आणि स्वतःला समुद्रकिनारी बघा,” प्रशिक्षक मधाळ आवाजात म्हणाला, आणि रुग्णवाहिकांवरच्या आठ जणांनी डोळे मिटले. गाडीवरच्या नर्स ताईंनी मात्र मिटले नाहीत. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या माणसांना पकडून वर्गात कोंबायचं आणि वर समुद्र दाखवायचा! या थेरांना हातभार लावायची त्यांची तयारी नव्हती.

गॅरेजवरच्या त्या खोलीत डिझेलचा वास भरला होता. फळ्यावर ‘खचू नका, लवचिक व्हा’ असं लिहिलं होतं. लवचिक म्हणे! पाळ्या दुप्पट, माणसं निम्मी, आणि उपाय काय, तर रबरासारखं ताणून घ्या. प्रशिक्षकाचा शर्ट पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. याच्या अंगावर जन्मात कुणी ओकलेलं नसणार, ताईंच्या मनात आलं.

पण त्यांच्या सगळ्यात जास्त डोक्यात जायचा तो त्यांच्याच गाडीचा चालक. शेजारच्या खुर्चीत तो केव्हाच घोरायला लागला होता. सुरुवातीला प्रशिक्षकाने विचारलं होतं, “कामावरची एखादी गोष्ट मनात घर करून बसलीय का?” तर हा दात काढून म्हणाला, “छे हो सर! मी आडवा झालो की घोरतो.” खोटं नव्हतंच ते. गाडीतून मुडदा उतरवला की हा पाचव्या मिनिटाला चवीने चहा प्यायचा. नुसती गेंड्याची कातडी. ताई घरी जाऊन छताकडे बघत पडायच्या, आणि हा बाबा ढाराढूर.

“आता हळूच डोळे उघडा,” प्रशिक्षक म्हणाला. कुणी उघडले नाहीत. त्याने टाळ्या वाजवल्या. कुणी हललं नाही. मग तो मागे उभ्या असलेल्या साहेबांकडे वळून हसला. “बघा, पहिल्याच सत्रात केवढी शांतता!”

“शांतता कसली? मेल्यागत झोपलेत सगळे,” ताई म्हणाल्या.

साहेबांचं तोंड उतरलं. हाताशी होता त्या चालकाचाच खांदा त्यांनी गदागदा हलवला. “अहो, उठा! झोपायला बोलावलंय का तुम्हाला?”

चालक ताडकन उभा राहिला. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणीच नव्हतं. कुणाकडेही न बघता तो जिना उतरला. ताई मागोमाग धावल्या. त्या खाली पोचेपर्यंत गाडी सुरू झाली होती. पलीकडच्या दाराने आत शिरून त्यांनी कशीबशी किल्ली फिरवून काढून घेतली.

“अरे, निघालास कुठे?”

“गिरणीमागे, ताई. तिसरा मजला,” तो समोर बघत म्हणाला. “पोरगी निळी पडत चाललीय. लवकर बसा. या वेळी नाही मी रस्ता चुकणार.”

गिरणीमागच्या त्या घरी ताई आणि तो उन्हाळ्यात गेले होते. उशीर झाला होता. पोरीच्या आईने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. येताना हा शीळ घालत गाडी चालवत होता, म्हणून ताई पुढे आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

साहेब धापा टाकत आले. “झोपेत गाडी काढतो हा? निलंबितच करतो याला!”

“आवाज खाली,” ताई म्हणाल्या. “आणि ते गॅरेजचं दार लावा. ऊन येतंय त्याच्या तोंडावर.”

साहेबांनी, का कोण जाणे, मुकाट्याने दार लावलं.

चालक बंद गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी वळवू बघत होता. कपाळावर घाम डवरला होता. ताईंनी त्याच्या मुठीवर हात ठेवला.

“पोचलो रे,” त्या म्हणाल्या. “अगदी वेळेत पोचलो. पोरगी रडतेय बघ, चांगली भोकाड पसरून. झोप आता.”